किराणावाला खरंच वीस टक्के खातो का?

‘मॉलमध्ये एमआरपीवर १५ टक्के सूट मिळते आणि कोपऱ्यावरचा किराणावाला पूर्ण एमआरपी लावतो. म्हणजे २० टक्के तो खातो. सुट्या मालात काटा मारतो, खराब माल कंपनी बदलून देते, यूपीआय फुकट असूनही कुरकुरतो आणि सुट्ट्याऐवजी चॉकलेट माथी मारतो.’ अशा अर्थाचा मेसेज ग्रुपांवर सारखा फिरत असतो. यातली चॉकलेटची तक्रार रास्त आहे. बाकीचा हिशेब चुकलेला आहे.

आधी २० टक्क्यांचं पाहू. पाकीटबंद मालावर किरकोळ दुकानदाराला साधारण ८ ते १० टक्के सुटतात. दहा रुपयांच्या बिस्किटपुड्यावर ८० पैसे ते एक रुपया. त्यातूनच दुकानाचं भाडं, व्यापारी दराचं वीजबिल आणि पोऱ्याचा पगार जातो. मॉल १५ टक्के सोडू शकतो, कारण त्याची खरेदीच स्वस्त दराने होते. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी याच दरफरकावरून एका मोठ्या कंपनीच्या टूथपेस्टचा पुरवठा थांबवला होता. दुकानदाराला माल मिळतो तो याच वितरकांकडून.

तेलाच्या बाबतीत तर ‘एमआरपीवर सूट’ या शब्दांना अर्थच नाही. पिशवीवर छापलेला आकडा विक्रीच्या दरापेक्षा बराच वर असतो आणि कोपऱ्यावरचं दुकानही तेल एमआरपीच्या खालीच विकतं. तुलना करायची तर ग्रॅममागच्या दराची करा. एक लिटरची पिशवी म्हणजे साधारण ९१० ग्रॅम. तशाच दिसणाऱ्या ८५० आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्याही बाजारात आहेत.

आता सुटा माल. इथे लोकांना सगळ्यात जास्त नफा दिसतो आणि इथेच तो गळतो. साखरेचं ५० किलोचं पोतं घ्या. उदाहरणादाखल खरेदी ४२.५० रुपये आणि विक्री ४४ रुपये किलो धरू. कागदावर ७५ रुपये सुटतात. पण एकेक किलोच्या पुड्या बांधताना काटा ५-१० ग्रॅम पुढेच जातो, थोडी साखर पोत्याच्या शिवणीत राहते, थोडी सांडते. अर्धा किलो घट धरली की उरले ५३. ५० पैशांच्या पन्नास पिशव्या गेल्या, उरले २८. दहा रुपये हमाली दिली की हातात १८ रुपये. हेच पोतं पावकिलोने विकलं तर २०० पुड्या होतात. तेवढ्या वेळा काटा पुढे जातो आणि तेवढ्या पिशव्या लागतात. मग पोत्यात तोटाच. पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, गुळाला पाणी सुटतं, शेंगदाणे खवट होतात, ते वेगळंच.

काटा मारल्याचा संशय असेल तर तपासणं सोपं आहे. रिकाम्या काट्यावर शून्य दिसतं का ते बघा, मग मिठाचा सीलबंद एक किलोचा पुडा ठेवा. पिशवीच्या वजनामुळे आकडा एक किलोच्या थोडा वर यायला हवा. इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी करून घ्यावी लागते. तिचं प्रमाणपत्र बघायला मागा. त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

‘खराब माल कंपनी बदलून देते’ हे अर्धसत्य आहे. काही कंपन्या घेतात, तेही सेल्समन त्या भागात फेरीवर येईल तेव्हा. उंदराने कुरतडलेलं, ओल लागलेलं किंवा बॅच नंबर पुसलेलं पाकीट परत जात नाही. स्कीममध्ये आलेला माल बहुधा परत घेत नाहीत. जो घेतात त्याचे पैसे पुढच्या कुठल्या तरी बिलात वळते होतात, आणि सेल्समन बदलला की ती नोंदच हरवते. सुट्या मालाला तर हा मार्गच नाही. ९२ रुपयांना घेतलेली १०० रुपयांची वस्तू फेकावी लागली तर ते ९२ रुपये भरून काढायला ११५० रुपयांचा माल विकावा लागतो. बुडालेल्या उधारीलाही हाच हिशेब लागू.

बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही, हे खरं. पण पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याचं बहुतेक ठिकाणी महिन्याचं भाडं असतं, संध्याकाळच्या गर्दीत पैसे अडकतात आणि खोटे स्क्रीनशॉट दाखवणारेही येतात. कुरकुरीमागे भीतीही आहे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमा रकमेवरून उलाढाल मोजून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. भाजी, दूध असा करमुक्त मालही त्याच रकमेत मोजला गेला होता.

राहिलं चॉकलेट. ग्राहकाला नको असताना ते देणं चूकच आहे, आणि गार बाटलीवर एमआरपीच्या वर दोन रुपये घेणं हा तर कायद्याचा भंग आहे. ते देऊ नका, मागितलं तर तक्रार करा. पण सुट्ट्यांचा तुटवडा एकट्या दुकानदाराने केलेला नाही. दहाची नाणी चालत नाहीत या अफवेमुळे ती घराघरांतल्या डब्यांत पडून आहेत. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलं आहे की दहाच्या नाण्याच्या चौदाही नक्षी चालतात, रुपयाचं चिन्ह असो वा नसो. रुपया आणि त्यावरची नाणी कायद्याने एका वेळी हजार रुपयांपर्यंत देता येतात. सकाळी दूध-पाव घ्यायला जाताना तीच घेऊन जा; पाचशेची नोट मोडायला दुकानदाराच्या गल्ल्यात त्या वेळी काहीच नसतं.