वार्डी जेलमध्ये नव्हता, आणि फॅक्टरीतून थेट चॅम्पियनही झाला नाही

इंग्लंडचा फुटबॉलपटू जेमी वार्डी याच्याबद्दल एक मेसेज फॉरवर्ड होत फिरतोय, की हा माणूस जेलमधून सुटला, फॅक्टरीत मजुरी करत होता आणि पुढच्याच वर्षी लेस्टर क्लबला प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडची सर्वात वरची लीग, जिंकून दिली. मला वार्डी मनापासून आवडतो म्हणूनच सांगतो, हे अर्धवट आहे.

जेल झालीच नव्हती. 2007 मध्ये मारामारीच्या केसमध्ये तो दोषी ठरला, मित्राच्या हिअरिंग एडवरून कोणीतरी चिडवलं आणि हा मधे पडला असं तो स्वतः सांगतो, आणि शिक्षा म्हणून सहा महिने पायात इलेक्ट्रॉनिक टॅग (घरी आहे की नाही यावर नजर ठेवणारं यंत्र) आणि संध्याकाळी सहाच्या आत घरी. तेव्हा तो स्टॉक्सब्रिज या छोट्या क्लबकडून आठवड्याला 30 पाउंडांवर खेळायचा, बाहेरगावच्या मॅचला तासभर खेळून बाहेर यायचा आणि कुंपणावरून उडी मारून आईवडिलांच्या गाडीत बसायचा.

फॅक्टरी खरी आहे, तिथे मेडिकल स्प्लिंट, म्हणजे दुखऱ्या हातापायाला लावायचे आधार, बनायचे. पण तिथून थेट लेस्टर नाही! मधे हॅलिफॅक्स, मग फ्लीटवुड हे खालच्या लीगमधले क्लब, आणि 2012 मध्ये लेस्टरने त्याच्यासाठी 10 लाख पाउंड मोजले तेव्हा लेस्टर दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होतं. पहिला सीझन इतका वाईट गेला की तो फुटबॉलच सोडायला निघाला होता, हे मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. सलग 11 मॅचमध्ये गोल 2015 चे, ट्रॉफी 2016 ची, म्हणजे लेस्टरमध्ये येऊन चार वर्षं झाल्यावर.