आमचे छप्पन अंश

पाडव्याची गुढी उभारली तरी आमच्या घरी उन्हाळा सुरू होत नाही. कूलरच्या ताट्या बदलल्या की होतो. नागपुरातल्या महाल भागातलं जुनं घर, खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेला पत्र्याचा कूलर. तो बाबांनी नोकरीत असताना घेतला. बाबा निवृत्त झाले, कूलर व्हायला तयार नाही. जुन्या ताट्या काढताना वर्षभराची धूळ, एखादी पाल आणि मागच्या मे महिन्यात हरवलेला आमचा एखादा मोजा हाती लागतो. वाळ्याच्या नव्या ताट्या बसवून टिल्लू पंप सुरू केला की घरभर तो ओला, मातकट सुगंध पसरतो. पाच मिनिटं सगळे डोळे मिटून उभे राहतात. सहाव्या मिनिटाला समोर कोण बसणार यावरून भांडण सुरू होतं.

भांडण कसलं, निकाल ठरलेलाच असतो. दिवाण बाबांचा, आणि दिवाण बरोबर झोताच्या तोंडाशी. त्यांच्या डोक्यावरून सुटलेली हवा मुलीच्या वाट्याला येते, तिच्यावरून उरलेली माझ्या. स्वयंपाकघर झोताच्या वाटेतच नाही, त्यामुळे बायको सकाळी सातच्या आत पोळ्या उरकते आणि नंतर दिवसभर कोणी गरम काही मागितलं तर नळाकडे बोट दाखवते. गच्चीवरची टाकी तापल्यामुळे दुपारी आमच्या नळाला येणारं पाणी चहाच्या फार मागे नसतं. आंघोळीची बादली पहाटेच भरून ठेवावी लागते. दुपारी बाथरूममध्ये इतर कारणांसाठी गेलेल्या माणसाच्या तोंडून जे उद्गार निघतात ते इथे लिहीत नाही.

खरा तंटा दाराचा. कूलरची हवा पाण्याची वाफ होताना गार होते. ती ओली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत नुसतं दमट होतं, अंगाला चिकचिक सुटते. म्हणून समोरचं दार थोडं उघडं ठेवायचं. हे मी बायकोला अठरा वर्षं समजावतो आहे.

"म्हणजे पाणी भरायचं आपण आणि गार हवा द्यायची समोरच्यांना?" असं म्हणून ती दार लावते. मी फट करतो. ती लावते. हे सगळं ओरडून चालतं, कारण कूलरच्या घरघरीत साध्या आवाजात बोललेलं कोणालाच ऐकू येत नाही. दाराची बेल तर नाहीच. जूनमध्ये कूलर बंद झाल्यावरही आठवडाभर आम्ही "मीठ दे" हे वाक्य गल्लीला ऐकू जाईल असं म्हणतो.

पाणी भरायचं काम माझं. टाकी दोन तासांत रिकामी होते. बादल्या किती लागतात ते मी मोजणं सोडून दिलं आहे. पंपाच्या नळीची भोकं क्षारांनी बुजतात, मग सेफ्टी पिन घेऊन एकेक मोकळं करायचं. त्याआधी प्लग काढायचा. पत्र्याच्या कूलरला करंट उतरतो हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. एकदा मी विसरलो होतो. त्यानंतर विसरलो नाही.

बाबा यातलं काही करत नाहीत. त्यांच्याकडे आकड्यांचं खातं आहे. रोज संध्याकाळी कमाल तापमान वहीत उतरवायचं, शेजारी चंद्रपूर, अकोला आणि ब्रह्मपुरीचं. हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे आमच्यासारख्या मैदानी भागात पारा ४५ ला गेला की उष्णतेची लाट आणि ४७ ला गेला की तीव्र लाट. बाबांच्या नियमाप्रमाणे ४५ पर्यंत "बरं ऊन पडून राहिलं" आणि चंद्रपूर आपल्या पुढे गेलं तर अन्याय. "हे चंद्रपूरवाले काऊन दरवर्षी वर असतात बाप्पा?" असं म्हणत ते वही आपटतात. त्या दिवशी जेवण कमी जातं.

त्यांचा आवडता दिवस २३ मे २०१३. नागपुरात ४७.९. त्याच दुपारी आमचा पंप जळाला आणि मला सीताबर्डीवर पिटाळण्यात आलं. डोक्याला दुपट्टा, डोळ्यांना गॉगल, खिशात कांदा. खिशातला कांदा ऊन शोषून घेतो यावर बाबांची श्रद्धा आहे आणि तिच्याशी वाद घालण्याची सोय नाही. (पुढे एका बैठकीत साहेबांसमोर रुमाल काढताना हाच प्रकार घरंगळत टेबलाखाली गेला. साहेबही नागपूरचेच, त्यांनी तो उचलून मला परत दिला आणि पुढचा मुद्दा घेतला.) तेव्हापासून घरी पाहुणे आले की बाबा माझी ओळख "हा आपला मोठा, ४७.९ मध्ये पंप घेऊन आला" अशी करून देतात. माझ्या पदवीचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून आजवर ऐकलेला नाही.

मग आला २०२४ चा नवतपा. सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की २५ मेपासूनचे नऊ दिवस म्हणजे बाबांचा नवरात्रोत्सव. पण २९ मेला बातमी आली, दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९. बाबांनी वही मिटली. रात्री कूलरसमोर असूनही त्यांना झोप लागली नाही. "दिल्लीले सगळंच पाहिजे," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, ३० मेला, मुलगी मोबाइल घेऊन धावत आली. "आजोबा, नागपूर छप्पन!"

शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश नोंदले गेले होते. बाबा दिवाणावरून उठले, आणि भर दुपारी कूलर सुरू असताना ते आपणहून दिवाण सोडतात हे मी प्रथमच पाहिलं. त्यांनी नात्यातल्या एकूण एक माणसाला फोन लावले. चंद्रपूरच्या साडूंना दोनदा. मी संधी साधून दिवाणावर आडवा झालो. ती अर्धी दुपार माझ्या आयुष्यातली सर्वांत थंड दुपार होती.

खुलासा आला तो नंतर. सेन्सर बिघडला होता, छप्पन खरे नव्हते. दिल्लीचा आकडाही तीन अंशांनी चढा निघाला. पण शेजाऱ्याचं दुकान बंद पडल्याने आपलं चालत नसतं. बाबांनी वहीतला ५६ खोडला नाही. त्यावर फक्त एक बारीक प्रश्नचिन्ह काढलं, पेन्सिलीनं, पुसता येईल असं. मी दिवाणावरून मुकाट उठलो.

संध्याकाळी पुण्याहून आत्याचा फोन आला. आवाज इतका मोठा की कूलरवरही ऐकू आला. "दादा, छप्पन म्हणे रे तुमच्याकडे? इथे एक्केचाळीसलाच आमचा जीव जातोय! कसे राहता?"

खुलासा दाखवणारा नातीचा मोबाइल बाबांच्या मांडीवरच होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मोबाइल पालथा ठेवला.

"राहतो बापा," बाबा सावकाश म्हणाले. "आपलं ऊन कोरडं असते ना."