इंग्रज शहाणे झाले म्हणे!

एक फॉरवर्ड सध्या गल्लोगल्ली फिरतोय. ‘इंग्रज शहाणे झाले, आपण कधी होणार?’ मजकुराचा सारांश असा: ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान असले बिनकामाचे विषय बंद केले, ऑक्सफर्डसुद्धा त्यात आलं, मुलांनाच ते नको होते, सरकारी पैशावर ते पोसले जात होते, शिकून पगार मिळत नाही, भाषांतर आता मशीन करतं, आणि इंग्रजांना दुसऱ्याच्या भाषा कधी लागल्याच नाहीत. जर्मन घेऊन बीए करायचं ठरवलेल्या आमच्या भाचीला हे तिच्या सख्ख्या मामांनी अर्ज भरायच्या आदल्या रात्री पाठवलं आणि खाली लिहिलं, ‘विचार कर.’ तेव्हा आता विचार करूच.

ऑक्सफर्डचं आधी उरकून टाकू. २०१९मध्ये स्टीफन श्वार्झमन या अमेरिकी गुंतवणूकदाराने ऑक्सफर्डला १५ कोटी पौंड दिले, ते मानव्यविद्यांसाठी. त्या पैशातून उभी राहिलेली इमारत २०२५मध्ये उघडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नैतिक प्रश्नांवर काम करणारी संस्थाही तिथेच, तत्त्वज्ञानाच्या शेजारी. दुकान बंद करायला निघालेला माणूस नवा गाळा बांधत नाही.

‘बिनकामाचे विषय बंद केले.’ जानेवारी २०२५मध्ये कार्डिफ विद्यापीठाने ४०० नोकऱ्या कमी करायचा प्रस्ताव मांडला. त्या यादीत आधुनिक भाषा, संगीत, प्राचीन इतिहास, धर्मशास्त्र होतं, हे खरं. त्याच यादीत नर्सिंगही होतं! ते फॉरवर्डमधून अलगद गळलं. पुढे आरडाओरडा झाल्यावर नर्सिंग वाचलं आणि भाषा काटछाट होऊन का होईना टिकल्या. हल विद्यापीठाने आधी भाषा बंद केल्या आणि मग रसायनशास्त्रही. एक्झेटरने तर रसायनशास्त्राचा विभाग २००५मध्येच गुंडाळला होता आणि नोबेलविजेते हॅरी क्रोटो यांनी निषेध म्हणून त्यांची मानद पदवी परत केली होती. आता रसायनशास्त्रही बिनकामाचं का?

खरा घोळ पुढच्या मुद्द्यात आहे, कारण तो वाचणाऱ्याला पटतो. ‘मुलांनाच नको होतं.’

इंग्लंडमध्ये चौदाव्या वर्षापर्यंत परकी भाषा सक्तीची असते. त्यानंतरची दोन वर्षं, म्हणजे जीसीएसई या तिथल्या दहावीसारख्या परीक्षेपर्यंत, ती सक्ती २००४मध्ये सरकारने काढून टाकली. २००२मध्ये सुमारे ७६ टक्के मुलं एखादी भाषा घेऊन जीसीएसईला बसत होती, २०११मध्ये ४० टक्के. नऊ वर्षांत मुलांची आवड अशी निम्म्यावर येत नाही. शाळांच्या कामगिरीचे तक्ते छापले जातात, त्यांत वरच्या श्रेणींची टक्केवारी मोजतात. फ्रेंच-जर्मनला श्रेणी कडक मिळते हे प्रत्येक मुख्याध्यापकाला माहीत होतं. ऑफक्वाल या परीक्षा-नियामकाने २०१९मध्ये ते अधिकृतपणे मान्य केलं आणि या दोन भाषांच्या श्रेणी स्पॅनिशच्या पातळीला आणायचं ठरवलं. तोवर पंधरा वर्षं शाळा मुलांना सोप्या विषयाकडे वळवत होत्या. नंतर सरकारने भाषेसह ठरावीक विषयांचा गट सुचवला आणि २०२५पर्यंत ९० टक्के मुलं त्यात आणायचं ठरवलं. गाडी निम्म्यापर्यंतही पोचली नाही.

पुढची पायरी ए-लेव्हल, म्हणजे तिथली बारावी. तिथे बहुतेक मुलं तीनच विषय घेतात. वर्गात जर्मनची चार-पाच मुलं उरली की शाळेला तो वर्ग परवडत नाही, कारण पैसे मुलांच्या डोक्यामागे मिळतात आणि शिक्षकाचा पगार मात्र पुरा द्यावा लागतो. मग ए-लेव्हलला जर्मन मिळतं ते मुख्यतः खासगी आणि निवडक शाळांत. हायर एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूटसाठी मेगन बाउलर यांनी २०२० आणि २०२५मध्ये दोन अहवाल लिहिले आहेत. ज्याला खरंच विचार करायचा आहे त्याने ते वाचावेत. २०२४मध्ये ए-लेव्हलला शारीरिक शिक्षण घेणारे विद्यार्थी फ्रेंच, जर्मन आणि लॅटिन-ग्रीक यांच्या बेरजेपेक्षा जास्त होते, हे त्यातलंच. आणि १६ ते ३० वयोगटातल्या ब्रिटिशांपैकी ३२ टक्क्यांनाच दुसऱ्या एखाद्या भाषेत लिहिता-वाचता येण्याचा भरवसा वाटतो, युरोपीय संघाची सरासरी ८९ टक्के, हेही.

ए-लेव्हलची मुलं कमी म्हणजे विद्यापीठात मुलं कमी, म्हणजे पदवीधर कमी, म्हणजे शाळेसाठी शिक्षक कमी. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी प्रशिक्षणाला येणाऱ्या भाषाशिक्षकांचं जे लक्ष्य ठरलं होतं, त्याच्या निम्मेही आले नाहीत. फ्रान्स-स्पेनमधून येणाऱ्या शिक्षकांना ब्रेक्झिटनंतर व्हिसा लागतो. शिक्षक नाही म्हणून वर्ग नाही, वर्ग नाही म्हणून मुलं नाहीत. पहिल्या मजल्याचा जिना काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, गच्चीवर कुणी येतच नाही!

त्यात २०१५मध्ये विद्यापीठांनी किती मुलं घ्यावीत यावरची मर्यादा उठली. शास्त्र विषयांना प्रयोगशाळेची जागा आडवी येते. इतिहासाला वर्ग आणि अध्यापक एवढंच लागतं. मोठ्या नावाच्या विद्यापीठांनी जादा मुलं ओढली आणि मधल्या फळीतली रिकामी पडू लागली. भाषेच्या बाबतीत हे फार लवकर जिव्हारी लागतं. पदवी चार वर्षांची असते, त्यातलं एक परदेशात. संभाषणाचे वर्ग लहान गटांचे, प्रत्येक भाषेला वेगळा अध्यापक. वर्षाला पंधरा मुलं आली तर हिशेबनीस लाल शेरा मारतो. मग नवे प्रवेश थांबवायचे आणि आत असलेल्यांना पदवीपर्यंत नेऊन दार लावायचं. जवळचं विद्यापीठ असं बंद झालं की घरी राहून शिकणाऱ्या गरीब मुलाला भाषा मिळतच नाही. श्रीमंताचं पोरगं दुसऱ्या शहरात जातं.

‘सरकारी पैशावर पोसले.’ नेमकं उलटं. २०१२मध्ये फी ९,००० पौंडांपर्यंत वाढवायला परवानगी दिली, तेव्हाच मानव्य विषयांचं थेट अध्यापन-अनुदान काढून घेतलं. ते विषय मुलांच्या फीवर चालतात. जास्तीचं अनुदान मिळतं ते महागड्या विषयांना. डॉक्टरकीच्या एका विद्यार्थ्यामागे वर्षाला दहा हजार पौंडांच्या घरात. कलाशाखेतल्या नाट्य-चित्र-संगीताला माणशी २४३ पौंड मिळायचे, तेही २०२१मध्ये निम्मे करून १२१ पौंड ५० पेन्सवर आणले. फुकट्या कोण, ते ठरवा. मुलं न फेडू शकलेलं कर्ज शेवटी सरकार माफ करतं, एवढा भाग खरा आहे, पण ते सर्वच विषयांना लागू आहे.

विद्यापीठांच्या तिजोरीत खड्डा का पडला तेही सांगतो. स्थानिक फी २०१७मध्ये ९,२५० झाली आणि २०२५पर्यंत तिथेच गोठली. त्या वर्षी ती ९,५३५ झाली. मधल्या महागाईचा तोटा भरून काढला परदेशी विद्यार्थ्यांनी, त्यात पुण्या-मुंबईहून एमएस, एमबीएला गेलेली आपली मुलंही आली. जानेवारी २०२४पासून संशोधनाचे अभ्यासक्रम सोडले तर कुटुंब सोबत नेता येईना. अर्ज घटले आणि कुऱ्हाड सोप्या जागी पडली.

पगाराचा मुद्दा मात्र नाकारता येत नाही. इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीजच्या २०२०च्या अभ्यासानुसार पदवी घेतलेल्यांपैकी पाचातल्या एकाला आयुष्यभराच्या कमाईत ती न घेतली असती तर जास्त फायदा झाला असता, आणि चित्र-नाट्य वगैरे शिकलेल्या पुरुषांचा तर सरासरीच तोटा. मामांना एवढा मुद्दा दिला. पण त्याच अभ्यासात सर्वांत वर डॉक्टरकीच्या जोडीला अर्थशास्त्र आणि कायदा आहे, आणि त्यांना प्रयोगशाळा लागत नाही.

‘भाषांतर मशीन करतं.’ हॉटेलचं मेन्यूकार्ड करतं. २०१२मध्ये इंग्लंड-वेल्सच्या न्यायखात्याने कोर्टातल्या दुभाष्यांचं काम एका खासगी कंपनीला ठेक्याने दिलं. दर कमी झाले, अनुभवी दुभाषे दूर राहिले, सुनावण्या तहकूब झाल्या आणि संसदेच्या समित्यांनी न्यायखात्याला धारेवर धरलं. हे तर जिवंत माणसांकडून काम करून घेतानाचं! आरोपीने ‘मारलं’ म्हटलं म्हणजे चापट की खून, हे विचारायला समोर माणूस लागतो.

राहिला ‘इंग्रजांना भाषा लागल्याच नाहीत’ हा विनोद. कंपनीच्या सैन्यातला अधिकारी जेम्स मोल्सवर्थ याने १८३१मध्ये मराठी-इंग्रजी कोश छापला. १८५७च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या आसपास शब्द आहेत. राज्य करायचं तर कुळाची कैफियत वाचता आली पाहिजे, म्हणून मुंबई सरकारने पैसे मोजले. फेब्रुवारी १९४२मध्ये जपानी संदेश वाचणारी माणसं कमी पडली, तेव्हा बेडफर्डला निवृत्त नौदल कॅप्टन ऑस्वाल्ड टक यांनी सहा महिन्यांत लेखी जपानी शिकवणारा वर्ग काढला. त्यात बसवली ती ऑक्सफर्ड-केंब्रिजची, बहुतेक लॅटिन-ग्रीक शिकलेली मुलं, कारण अनोळखी व्याकरण उकलायची सवय त्यांनाच होती. युद्धाची ठेच लागल्यावर १९४७च्या स्कारब्रो अहवालाने अशा भाषांसाठी खास सरकारी पैसा मागितला. पुढच्या दशकांत लंडनच्या सोआस या आशियाई-आफ्रिकी भाषा शिकवणाऱ्या संस्थेत आयन रेसाइड मराठी शिकवत होते, आणि महानुभावांच्या मराठी ग्रंथांची त्यांनी केलेली सूची १९६०मध्ये त्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आली.