‘लोखंड वाढवा, पूल पक्का होईल’: या दाव्यात काय चुकतंय

गोव्यातल्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पोर्तुगीजांनी लोखंडात हात आखडला नाही म्हणून त्यांचे पूल टिकले, आजचे इंजिनियर लोखंड वाचवतात म्हणून पूल पडतात. लोखंड जितकं जास्त तितका पूल पक्का, आणि स्वस्त पूल म्हणजे कच्चा पूल. पुरावा काय, तर आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल करून त्याला वजन टांगून बघा. शाळेतल्या मुलांकडून मी असे ट्रसचे, म्हणजे दांडे त्रिकोणांत जोडून केलेल्या सांगाड्याचे, पूल करून घेते. हा मजकूर वाचून मुलं काड्यांवर काड्या चिकटवत सुटतात, म्हणून त्याला उत्तर द्यायलाच हवं.

पोर्तुगीजांच्या पुलांबद्दल सांगायचं तर सावर्डे-कुडचडेचा त्यांच्या काळातला लोखंडी पादचारी पूल 18 मे 2017 रोजी कोसळला. तो वापरासाठी आधीच बंद केलेला होता. नदीत उडी टाकलेल्या माणसाचा शोध बघायला लोक त्याच्यावर चढले आणि माणसांसकट पूल पाण्यात गेला. जे पूल पडले किंवा मोडून काढले ते आज दिसत नाहीत, उरलेले तेवढे दिसतात. त्यावरून ‘सगळे टिकले’ असं कसं म्हणणार? खाऱ्या वाऱ्यात आणि आपल्या पावसात जाड लोखंडही गंजतं, आणि सांध्यांच्या फटीत पाणी साचतं तिथे आधी गंजतं.

आता मुख्य दावा. ट्रसमध्ये काही दांडे ताणले जातात, काही दाबले जातात, आणि दोघांचं मोडणं वेगळं असतं. माडाचा हीर दोन्ही टोकांना धरून ओढा, सहज तुटणार नाही. तोच हीर टोकांकडून दाबा, लगेच वाकेल. ताणातल्या दांड्याला पुरेसं क्षेत्रफळ मिळालं की भागतं. दाबातल्या सडपातळ दांड्याचं सगळं लांबीवर अवलंबून असतं: तोच दांडा मध्ये आधार देऊन निम्म्या लांबीचा केला तर वाकण्याआधी चौपट भार घेतो. म्हणजे योग्य जागी घातलेली एक बारीक आडवी काडी, भलत्या जागी चिकटवलेल्या चार काड्यांपेक्षा जास्त काम करते.

उंचीचंही तसंच. 20 मीटर गाळ्याच्या (म्हणजे दोन आधारांमधलं अंतर 20 मीटर असलेल्या) ट्रसवर मधोमध 10 टन ठेवले आणि ट्रसची उंची 2 मीटर असली, तर मध्यावर वरच्या-खालच्या दांड्यांत 25 टनांचं बळ येतं. उंची अडीच मीटर केली की 20 टन. तिरके दांडे थोडे लांबतात, त्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो, पण वरचे-खालचे दांडे बारीक करता येतात. स्वस्त म्हणजे कच्चा हे इथेच खोटं ठरतं.

आणि वाढवलेलं लोखंड स्वतःचं वजन घेऊन येतं. कॅनडातल्या क्वेबेकच्या पुलाचा मधला गाळा आराखड्यात 1600 फुटांवरून 1800 फूट केला गेला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेवर सुधारला नाही. 29 ऑगस्ट 1907 रोजी बांधकाम चालू असतानाच खालचे दाबातले दांडे वाकले आणि 75 कामगार गेले.

अमेरिकेत मिनियापोलिसला 1 ऑगस्ट 2007 रोजी ट्रसचा महामार्ग पूल पडला, 13 माणसं गेली. तिथे मूळ दोष सांध्यांवर दांडे एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्यांत होता. आराखड्यातच त्या हव्या होत्या त्याच्या निम्म्या जाडीच्या, अर्ध्या इंचाच्या धरल्या होत्या. वर रस्त्याच्या थराचं वजन वर्षांनुवर्षं वाढवलेलं, आणि त्या दिवशी दुरुस्तीचं सामानही पुलावरच रचलेलं. दांडे कितीही जाड केले असते तरी त्या पट्ट्या वाचल्या नसत्या.

खर्चाबद्दल थोडंच. पुलाची किंमत टनावर मोजून संपत नाही. कापणी, सांधे, उभारणी, रंग, पुढची देखभाल हे सगळं त्यात येतं. वीस मापांचे दांडे वापरून लोखंड वाचवण्यापेक्षा चार मापांत काम भागवणं, थोडं लोखंड जास्त गेलं तरी, बरेचदा स्वस्त पडतं. तेव्हा ‘कमीत कमी लोखंड’ हाही इंजिनियरचा मंत्र नव्हे.

राहिली काड्यांची चाचणी. मी ती करायलाच सांगते, पण तिच्यातून काय कळतं ते नीट समजून. आकार दहापट केला की वजन हजारपट होतं आणि दांड्याचं क्षेत्रफळ फक्त शंभरपट. त्यामुळे मॉडेलने स्वतःच्या पन्नासपट वजन पेललं म्हणून खरा पूल पेलेल असं नाही. खऱ्या पुलाची चाचणी मोडण्यासाठी नसते. भार टप्प्याटप्प्याने चढवतात, पूल किती लवतो ते मोजतात, भार काढल्यावर किती परत येतो ते बघतात. वर्गात मी मुलांना आधी सुट्या काड्या ताणून आणि दाबून मोडायला लावते. मग पुलाची कुठली काडी किती वजनाला आधी जाईल ते वहीत लिहायचं, आणि त्यानंतरच वजन टांगायचं. लिहिलेल्यापेक्षा दुसरीच काडी गेली, तर पूल कितीही वजन पेलो, हिशेब पुन्हा करायचा.

ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांच्या मनातली काळजी खरी आहे. ती काळजी घेऊन सार्वजनिक बांधकाम खात्याला विचारा: आमच्या गावच्या पुलाची शेवटची तपासणी कधी झाली, सांध्यांवरचा गंज कुणी बघितला, आणि बंद केलेल्या पुलावर माणूस चढू नये म्हणून काय केलंय.