‘हौशी कानांना घुमटाखाली अध्यात्म ऐकू येते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इस्तंबूलच्या हागिया इरिनी या प्राचीन चर्चमध्ये ऐकलेल्या कानूनवादनावरील (कानून हे छेडून वाजवायचे तंतुवाद्य) माझ्या लेखाला आपण प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातील ख्रिस्ती उपासनेत वाद्ये नव्हती, केवळ कंठसंगीत होते, म्हणून आजचे कानून ऐकून त्या वास्तूविषयी काही कळते हा भ्रम आहे; खुर्च्या आणि श्रोते यांमुळे तिथला नादही मूळचा राहत नाही; आणि ‘हौशी कानांना कुठल्याही घुमटाखाली अध्यात्म ऐकू येते’.

आधी या शेवटच्या वाक्याविषयी. माझे बालपण मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर गेले. शाळा सुटल्यावर मी ज्या दुकानात बसत असे, तिथले कारागीर जवारी काढताना, म्हणजे तारेला गुंजणारा नाद आणताना, तारा जिच्यावर टेकतात ती घोडी कानशीने किंचित घासत, तार छेडून ऐकत आणि पुन्हा घासत. एका तंबोऱ्यावर अख्खी दुपार जाई. स्वरमंडळ या गायकाच्या साथीच्या तंतुवाद्याच्या तारा किल्लीने पिळून मिळवण्याचे काम पुढे माझ्याकडे आले आणि एखादी तार उतरलेली राहिली, तर पाठीत धपाटा बसे. कानून हे त्याच कुळातले वाद्य आहे. अशा कानांना आपण ‘हौशी’ म्हणता, ते कोणत्या अधिकाराने, हे प्रतिक्रियेत कुठेही दिसले नाही.

मी ‘अध्यात्म’ हा शब्द लेखात वापरलेलाच नाही. काय ऐकले तेवढेच लिहिले होते आणि ते पुन्हा सांगणे भाग आहे, कारण तो परिच्छेद आपण वाचलेला दिसत नाही. कानूनवादक तर्जनींत घातलेल्या वेढ्यांत मिजराब (नखी) अडकवून तारा छेडतो आणि डाव्या हाताने, वाजवता वाजवताच, मांडल नावाच्या इवल्या धातूच्या कळा उचलून-पाडून स्वर किंचित चढवतो वा उतरवतो. दगडविटांच्या त्या पोकळीत छेडलेला स्वर रेंगाळतो. तोच स्वर जरासा उतरवून पुन्हा छेडला, की आधीचा आणि नवा एकमेकांना घासतात आणि हवेत थरथर ऐकू येते. नव्या रचनेतील द्रुत भाग सुरुवातीला गढूळ झाले, तेव्हा वादक दोन आघातांमध्ये थांबू लागला. लय ती इमारत ठरवू लागली होती. याला भ्रम म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणावे.

उपासनेत वाद्ये नव्हती, हे मला ठाऊक आहे आणि तो लेखाचा विषय नव्हता. इ. स. ५३२ च्या नीका दंगलीत (याच शहरातील सम्राटाविरुद्धचा उठाव) जळाल्यावर सम्राट जस्टिनियनने पुन्हा उभारलेली, ७४० च्या भूकंपानंतर दुरुस्त झालेली, अर्धघुमटात सोनेरी कुट्टिमचित्रावर (मोझेकवर) निव्वळ एक क्रूस मिरवणारी आणि ऑटोमन काळात मशीद न होता शस्त्रागार बनलेली ही वास्तू नेमकी कोणत्या शतकात ‘मूळची’ होती, ते आपणच ठरवावे.

खुर्च्या आणि श्रोते नाद शोषतात, हा मुद्दा मात्र रास्त आहे. पुढच्या लेखात त्याचा उल्लेख करीन. ‘पर्यटन खात्याचे पत्रक’ वगैरे शेऱ्यांना उत्तर देण्याची गरज वाटत नाही.

मतभेद जरूर कळवावेत, पण नावानिशी. माझे नाव लेखाखाली असते.