अंदमानच्या तेलाची वाट पाहू नका

‘अंदमानच्या समुद्रात १.८४ लाख कोटी लिटर खनिज तेल सापडलं. दोन वर्षांत आयात बंद. पेट्रोल ३० रुपये, डिझेल २५. तेल आपल्याकडे होतंच, आधीच्या सरकारांनी परदेशी कंपन्यांसाठी दाबून ठेवलं. उरलेली गरज इथेनॉल भागवेल.’ हा मेसेज बराच फिरतोय. मी दुर्लक्ष केलं असतं. पण माझ्या मामेभावाने बॅटरीवरची मालवाहू तीनचाकी घ्यायचं ठरवलं होतं, कर्जाची कागदपत्रं जमवली होती, आणि आता तो म्हणतो, ‘थांबतो जरा, डिझेल पंचवीसवर येणारे.’ मेसेजवर विश्वास ठेवून माणसं पैशांचे निर्णय फिरवायला लागली, तेव्हा उत्तर देणं भाग आहे.

आधी तो आकडा. १.८४ लाख कोटी लिटर हा अंदमानचा आकडाच नाही. तो गयानाचा आहे. दक्षिण अमेरिकेतल्या या छोट्या देशाच्या समुद्रात २०१५ पासून तेल सापडत गेलं आणि तिथला साठा सुमारे ११.६ अब्ज बॅरल मानला जातो. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. मोबाइलवरच गुणाकार करून बघा, नेमका मेसेजमधला आकडा येतो. जून २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्री हरदीपसिंग पुरी यांनी अंदमानात गयानाएवढे साठे मिळू शकतील अशी आशा बोलून दाखवली. बातम्यांनी गयानाचे बॅरल लिटरमध्ये मोजून मथळे केले आणि मेसेज लिहिणाऱ्याने तेल थेट सापडल्याचंच जाहीर करून टाकलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून १७ किलोमीटरवर, श्री विजयपुरम-२ या विहिरीत काहीतरी सापडल्याची घोषणा खरोखर झाली. पण तो नैसर्गिक वायू होता. चांगली बातमी आहे, आनंद मलाही झाला. पण वायूचा माग लागणं म्हणजे तेलाचा साठा हाती येणं नव्हे.

आणि समजा, गयानाएवढं तेल उद्या सापडलंच. भारताला रोज सुमारे ५५ लाख बॅरल लागतात, म्हणजे वर्षाला दोन अब्ज. ११.६ अब्ज बॅरल सगळेच्या सगळे उपसता आले, तरी सहा वर्षं पुरणार नाहीत. दोन वर्षांत ते पंपावर येणं तर अशक्यच. गयानात पहिला शोध मे २०१५ चा, उत्पादन सुरू झालं डिसेंबर २०१९ मध्ये, आणि या धंद्यात हा वेग विलक्षण मानतात. आपल्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या खोल समुद्रातल्या प्रकल्पाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, पहिलं तेल आलं जानेवारी २०२४ मध्ये. त्याची अपेक्षित कमाल क्षमता रोजची ४५ हजार बॅरल. देशाच्या गरजेच्या एक टक्काही नाही.

आता ते २५ रुपयांचं डिझेल. आपल्या जमिनीतून निघालेलं तेल आपल्याला स्वस्तात मिळतं, ही समजूतच चुकीची आहे. ओएनजीसी असो की राजस्थानातल्या बाडमेरचं खासगी तेलक्षेत्र, कच्च्या तेलाला आंतरराष्ट्रीय बाजाराशी जोडलेलाच भाव मिळतो. युक्रेन युद्धानंतर भाव भडकले तेव्हा देशातल्या उत्पादकांना एवढा नफा झाला की जुलै २०२२ मध्ये केंद्राने त्यांच्यावर टनामागे २३,२५० रुपये जादा कर बसवला. देशी तेल स्वस्त विकलं जात असतं, तर हा कर बसवला कशावर असता? शिवाय पंपावरच्या किमतीत केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट असतो, आणि तेल कुठून आलं हे पाहून तो लागत नाही. नॉर्वेकडे स्वतःचं भरपूर तेल आहे, तरी तिथलं पेट्रोल जगातल्या सर्वांत महागांपैकी आहे.

‘दाबून ठेवलं’ या आरोपात एक कण खरा आहे, तो मान्य करतो. संरक्षण वगैरे कारणांनी समुद्राचा बराच मोठा भाग तेलशोधासाठी वर्षानुवर्षं बंद होता. त्यातलं जवळपास दहा लाख चौरस किलोमीटर क्षेत्र २०२२ मध्ये खुलं झालं. ते आधी व्हायला हवं होतं. पण ज्यांनी १९७४ मध्ये सागर सम्राट या विहिरी खोदणाऱ्या रिगवरून मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र शोधलं आणि १९७६ मध्ये तिथून तेल काढायला सुरुवात केली, त्यांनी देशाचं तेल लपवलं म्हणणं हा त्या माणसांचा अपमान आहे. खरी अडचण वेगळीच आहे. पेट्रोलियम मंत्रालयाच्या पीपीएसी या कक्षाची आकडेवारी बघा. २०२३-२४ मध्ये देशात निघालेलं कच्चं तेल २.९ कोटी टनांच्या आसपास. १९८० च्या दशकाच्या मध्यालाही आपण साधारण तेवढंच काढत होतो. दरम्यान मागणी कित्येक पट वाढली. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आयातीवरचं अवलंबन २०२२ पर्यंत दहा टक्क्यांनी कमी करायचं लक्ष्य ठेवलं होतं. तेव्हा ते ७७-७८ टक्के होतं, आता ८७ च्या वर आहे.

इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं. एवढं पुरे. तरी उसाबद्दल एक सांगतो: पावसाने ओढ दिली तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, सरकारलाच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. मराठवाड्यात टँकरची वाट पाहिलेल्या कुणालाही याचं कारण सांगायला नको.

आयातीचं तेल देशाला दुबळं करतं, हे मात्र खरं. आखाती युद्धाने १९९०-९१ मध्ये तेलाचं बिल फुगवलं आणि परकीय गंगाजळी आटून सोनं गहाण टाकायची वेळ आली, त्यामागच्या कारणांत तेही एक होतं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भूमिगत गुहांमधला आपला राखीव साठा पूर्ण भरला तरी साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढाच. म्हणूनच देशी ऊर्जा हवी, पण ती आज आपल्याकडे विजेच्या रूपात आहे. सौरऊर्जेची क्षमता जानेवारी २०२५ मध्ये १०० गिगावॅटच्या पुढे गेली. २०२४-२५ मध्ये विकल्या गेलेल्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त बॅटरीवरच्या होत्या. ‘बॅटरीचे सेल चीनमधूनच येतात’ असं लगेच कुणी म्हणेल. येतात, आणि ते इथे बनायला हवेत. पण आयात केलेली बॅटरी गाडीत वर्षानुवर्षं चालते. आयात केलेलं डिझेल संध्याकाळपर्यंत जळून जातं आणि सकाळी पुन्हा विकत घ्यावं लागतं.