तीन पायऱ्यांतली दीड उरली

रविवारी सकाळी सातला आमचा कट्टा भरतो. नागपुरात हिंगणा रोडवरून आत वळलं की एका बंद शटरसमोर ओटा आहे, त्याला लागून पोहेवाल्याची गाडी. पोह्यांवर चण्याची तर्री, वरून कच्चा कांदा. तर्री दुसऱ्यांदा मागितली तर फुकट. वादाला खरं तर इथं निमित्त लागत नाही, पण या रविवारी ते पोहेवाल्यानंच दिलं. गाडी लावताना त्यानं एका बाजूच्या चाकांखाली दोन-दोन विटा सरकवल्या.

"काऊन बे, गाडीले पाटावर बसवून राहिला का?" गुड्डू म्हणाला.

"रस्ता वर गेला ना भाऊ. एक चाक वर, एक खाली. तर्री सांडते."

झालं. मी तर भरूनच बसलो होतो. बाबांनी १९९४ साली घर बांधलं तेव्हा दाराशी तीन पायऱ्या होत्या. मग डांबरावर डांबर चढत गेलं आणि शेवटी, जुनं न उखडता, त्यावरच सिमेंट ओतलं. आता दीड पायरी दिसते. फाटक बाहेर उघडायचं, ते रस्त्याला घासायला लागलं. वेल्डरकडून खालून चार इंच कापून घेतलं. त्या फटीतून आता शेजारचं मांजर येतं आणि पावसात गल्लीचं पाणी.

"खड्डे विसरले वाटते तुम्ही," वानखेडे सर म्हणाले. सर निवृत्त, आमच्यात सगळ्यांत मोठे, आणि विकासाच्या बाजूचे कायमचे वकील. "दर पावसाळ्यात कंबर मोडायची. माझी पोरगी रोज सुभाष नगरातून मेट्रोत बसते, सीताबर्डीवर बदलते, खापरीले उतरते. तिच्या आईले आता जीव टांगून बसावं लागत नाही. ११ डिसेंबर २०२२ ले मेट्रोचा पहिला टप्पा पुरा झाला, त्याच दिवशी समृद्धी महामार्ग शिर्डीपर्यंत सुरू झाला. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर पूल, त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटर. गिनेसमध्ये नाव आहे!"

"गिनेसवाल्यायले म्हणा आमच्या गल्लीत या," गुड्डू म्हणाला. "रस्ता वर, घर खाली. आमचा बी डबल डेकरच आहे."

सरही हसले, पण माघार घेतली नाही. मेट्रोचं मलाही पटतं, उगाच कशाला नाही म्हणू. माझं म्हणणं एवढंच की पाण्याला उतार कोणी विचारला नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हा साऱ्या शहरानं हा धडा गिरवला. आमच्या गल्लीत नदी नाही. आम्हाला रस्ताच पुरतो.

"मग सांगा ना कोणाले तरी," सर म्हणाले.

"कोणाले?" दिनूभाऊ इतका वेळ बशीत चहा गार करत होते. "मार्च २०२२ पासून मनपात प्रशासक. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हता. आता आहेत त प्रभागात चार-चार. पहिला म्हणते तो भाग दुसऱ्याकडे, दुसरा म्हणते तिसऱ्याले भेटा. एकच असता त गचांडी तरी धरता आली असती."

"हिवाळी अधिवेशनात मोर्चा काढा," कोणीतरी म्हणालं.

"डिसेंबरात? तेव्हा विधानभवनाकडं, सिव्हिल लाइन्सची झाडं बी धुऊन काढतात, बाप्पा. हिंगणा रोडच्या आत कोण येते?"

गुड्डूचा तोडगा वेगळा होता. तान्ह्या पोळ्याला पीडा घालवायला मारबत आणि बडग्या हे पुतळे मिरवतात, तसा रस्त्याचा बडग्या करायचा, पोटात खरी गिट्टी भरायची आणि मारबतीसोबत 'घेऊन जा गे मारबत' म्हणत फिरवायचा. वर्गणी कोण गोळा करणार, इथं तो तोडगा अडकला.

मी मग मिस्त्रीचं सांगितलं. परवा तो अंगण बघून गेला. मुरूम टाकून दीड फूट भर घालायची, वर फरशी. खर्चाचा आकडा ऐकून बायको आत निघून गेली.

"घाला ना मग भर," सर म्हणाले.

"घालतो. पण सर, माझ्या अंगणात थांबते ते पाणी मग सरळ तुमच्याकडं येईल. उतार तिकडंच आहे."

सरांचा चमचा थांबला. "मग मी बी उचलतो अंगण," ते जरा वेळानं म्हणाले.

"हाव, उचला," गुड्डू म्हणाला. "उतारावर तुमच्या खाली माझी खोली आहे. मी भाड्यानं राहतो, मी काय उचलू? खाट?"

पोहेवाल्यानं विचारलं, "तर्री टाकू का आणखी?" सरांनी नुसती प्लेट पुढं केली.